सत्तर किलोंची ओढ आणि तीन मिलिमीटरची तबली

गिटारच्या सहा पोलादी तारा सुरात आणल्या की सगळ्या मिळून जवळजवळ ७० किलोंच्या ओढीनं घोडीला, म्हणजे त्या जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीला, खेचत राहतात. एक धडधाकट माणूस घोडीला लोंबकळतोय असं समजा. तोही दिवसरात्र, वर्षानुवर्षं. आणि ती घोडी चिकटवलेली असते जेमतेम ३ मिलिमीटर जाडीच्या लाकडावर. आमच्याकडे किचनच्या ट्रॉल्या बसवायला आलेल्या मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग म्हणाले, "साहेब, ड्रॉवरच्या तळाला आम्ही याच्याहून जाड प्लाय घालतो. आणि त्यात नुसते चमचे असतात."

मिस्त्रींचा हिशोब चुकीचा नव्हता. फर्निचरच्या नियमानं बघितलं तर गिटार ही मोडायलाच टेकलेली वस्तू आहे. पण लाकूड जाड केलं की ती मोडतही नाही आणि वाजतही नाही. मोडणार नाही इतपत घट्ट, त्याहून जराही जास्त नको. घरी गिटार बनवताना जे जे ठरवावं लागतं ते जवळपास सगळं या एका ओढाताणीतून येतं. सिंहगड रोडवरच्या घराच्या मागच्या गॅलरीत मी आत्तापर्यंत दोन बनवल्या. पहिली फसली, दुसरी बरी आहे. इथे जे सांगतोय त्यातलं बरंचसं पहिलीनं शिकवलंय.

आधी आवाज येतो कुठून ते बघू. दोन खिळ्यांमध्ये नुसती तार ताणून छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तार इतकी बारीक असते की हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. एका बोटानं वारा घालून बघा आणि मग सुपानं घालून बघा, म्हणजे फरक कळेल. गिटारची पुढची पाटी हे ते सूप. मिरजेचे कारागीर सतार-तानपुऱ्याच्या भोपळ्यावर बसवतात त्या लाकडी झाकणाला तबली म्हणतात. गिटारच्या पाटीलाही मी तोच शब्द वापरतो, कारण काम तेच आहे. तार घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबली हवेला. शिवाय पेटीच्या आतली हवा त्या गोल भोकातून आतबाहेर श्वास घेते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो घुमा आवाज येतो, तोच प्रकार. मोठ्या गिटारीत हा घुमारा सेकंदाला साधारण १०० कंपनांच्या आसपास असतो आणि खर्जातल्या तारांना तोच अंग देतो.

तारेत ताकद ती किती, नखानं छेडली तेवढीच. तेवढ्यावर हलायचं तर तबली हलकी आणि लवचीक हवी. इथे एक गणित फार उपयोगी पडतं. लाकडाच्या पाटीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ३ मिलिमीटरची तबली घासून २.७ केली तर लाकूड गेलं १० टक्के, पण ताठपणा गेला २७ टक्के. जाडी निम्मी केली तर ताठपणा आठवा हिस्सा उरतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात रंधा बाजूला ठेवून सँडपेपर घ्यायचा आणि दर दहा मिनिटांनी कॅलिपर लावायचा. पहिल्या वेळी मी रंध्याच्या नादात एका कडेला २.२ वर पोचलो होतो.

मग ३ मिलिमीटरची पाटी ७० किलो झेलते कशी? एकटी झेलत नाही. आतल्या बाजूनं तिला लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात, ब्रेस म्हणतात त्यांना. कौलारू घराच्या छताला जशी तुळई, तसं समजा. पण आधी ओढ नक्की काय करू पाहते हे कळायला हवं. तारा घोडीला नुसत्या पुढे खेचत नाहीत. त्या तबलीच्या पृष्ठभागापासून साधारण १२-१३ मिलिमीटर उंचीवरून खेचतात, त्यामुळे घोडी पुढे कलंडू पाहते. घोडीच्या मागची तबली फुगते आणि पुढची, भोकाकडची, खचते. कुणाकडे जुनी स्वस्त गिटार असेल तर ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. तबलीतलं ट्यूबचं प्रतिबिंब सरळ न दिसता घोडीपाशी लाटेसारखं वळलेलं दिसेल. थोडी लाट चालते. जास्त असेल तर ब्रेस हरत चालल्यात.

हे कलंडणं अडवायला पोलादी तारांच्या गिटारीत दोन मुख्य ब्रेस फुलीसारख्या एकमेकींना छेदतात आणि त्यांचा छेद भोक नि घोडी यांच्या मधे येतो. म्हणजे घोडीचे दोन्ही कान फुलीच्या दोन पायांवर टेकतात. ही फुली १८४०च्या दशकात अमेरिकेत मार्टिनसारख्या कारागिरांच्या कामात दिसू लागली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या, ओढ बरीच कमी. पुढे विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या तेव्हा ही रचना जणू त्यांच्यासाठीच केलेली निघाली.

ब्रेस रुंद नसतात, उंच असतात. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट, उंची दुप्पट केली तर आठपट, वजन मात्र दोन्हीकडे दुप्पटच. वासा आडवा न घालता उभा घालतात तो याचसाठी. आणि ब्रेसचं लाकूड करवतीनं कापण्याआधी पटाशीनं फोडून घ्यायचं. फुटताना ते आपल्या रेषांच्या बाजूनं फुटतं, त्यामुळे रेषा खरोखर कुठल्या दिशेला चालल्यात ते कळतं. करवत रेषांना विचारत नाही. तिरप्या रेषांची ब्रेस दिसायला देखणी असते आणि ताण आला की तिथूनच जाते.

ब्रेस चिकटवल्यावर त्या तासायला बसायचं. ही सगळ्यात रम्य आणि सगळ्यात फसवी पायरी. तबली दोन बोटांत कडेला हलकी धरायची, दुसऱ्या हातानं टिचकी मारायची, कानापाशी ऐकायचं. ब्रेस तासण्याआधी आवाज येतो 'ठक', मिटलेला. पटाशीनं एकेक ढलपी निघत गेली की तो लांबायला लागतो, खाली उतरतो, 'ठोंSS' असा रेंगाळतो. उन्हाळ्यात कुंभारवाड्यात माठ घेताना आपण जे करतो तेच हे. फरक एवढाच की माठ आयता असतो, इथे तो आपणच पातळ करत असतो आणि थांबायचं कुठे हे कुणी सांगत नाही. खरं सांगायचं तर पहिल्या तबलीच्या वेळी मला त्या टिचक्यांतून काहीच कळलं नाही, दुसरीच्या वेळी अर्धंमुर्धं कळलं. टिचकी ऐकून सगळं ओळखणारे लोक आहेत, पण त्यांच्यामागे शेकडो गिटारी आहेत. माझ्यासारख्यानं दोन्ही कडा टेकवून मधोमध ठरलेलं वजन ठेवावं, पाटी किती वाकते ते डायल गेजवर मोजावं आणि वहीत लिहावं. पुण्यात दर दुसऱ्या घरात एक इंजिनिअर असतो, गेज उसना मिळतो.

आता लाकूड. पुण्यात पहिला प्रश्न हमखास येतो तो म्हणजे, सागवान का नाही? सागवान उत्तम, पण तबलीसाठी नाही. तबलीला वजनाच्या मानानं खूप ताठ लाकूड लागतं आणि त्यात स्प्रूसला, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाला, तोड नाही. एक घनमीटर स्प्रूस साधारण ४०० किलो भरतं, सागवान ६५०च्या आसपास. शिवाय सागवान तेलकट, चिकटवताना कुरकुर करतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात मी दोन शनिवार फिरलो. देवदार दिसला, पाइन दिसलं, गिटारच्या तबलीला चालेल असं स्प्रूस मला मिळालं नाही. शेवटी परदेशातून मागवलं. एकाच तुकड्याचे दोन काप येतात, ते पुस्तकासारखे उघडून मधोमध जोडायचे म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेषा आरशासारख्या जुळतात. ब्रेससाठी मात्र मी भोसरीत यंत्रांसोबत आलेल्या खोक्यांची फळकुटं घेतली. शंभरातली नव्वद फेकायची, पण दहा अशी निघतात की रेषा पट्टीनं आखल्यासारख्या.

पाठीला आणि बाजूंना शिसवी. गंमत अशी की जगभरच्या बऱ्याच महागड्या गिटारींची पाठ दक्षिण भारतातल्या शिसवीची असते. आधी शिसवीच्याच कुळातलं ब्राझीलचं रोजवूड वापरायचे. ते मिळेनासं झालं तेव्हा १९६९च्या सुमारास मार्टिनसारख्या कंपन्या आपल्या शिसवीकडे वळल्या. ब्राझीलच्या लाकडाच्या व्यापारावर १९९२ साली सायटिस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानं जवळजवळ बंदीच आणली. २०१७ मध्ये शिसवीसकट त्या कुळातल्या सगळ्या लाकडांवर निर्बंध आले, आणि नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. मी यातल्या कुठल्याच भानगडीत पडलो नाही. माझ्या दुसऱ्या गिटारीची पाठ जुन्या बाजारातून आणलेल्या मोडक्या शिसवी पलंगाची आहे, उशाकडच्या फळीची. सॉ मिलमध्ये तिचे काप काढून घेतले. एका कापात खिळ्याचं भोक आलं, ते तसंच ठेवलंय.

पण पाठीच्या लाकडावर जीव टाकू नका, निदान पहिल्या वेळी तरी. आजच्या गिटारला तिचा आकार ज्यानं दिला असं मानतात त्या स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसनं १८६२ साली एक गिटार बनवली, तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. तबली फक्त लाकडाची, नेहमीसारखी निगुतीनं केलेली. आवाज मुख्यतः तबलीतून येतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. पैसे तबलीवर घाला. पाठीला सागवान चालेल, तूण चालेल, घरातली फळीसुद्धा चालेल.

बाजू वाकवणं हे बघणाऱ्याला जादूसारखं वाटतं. २ मिलिमीटरची शिसवी पट्टी गरम नळीवर दाबायची. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं जे आतलं चिकट द्रव्य असतं ते उष्णतेनं मऊ होतं, तंतू एकमेकांवरून जरा सरकतात, आणि थंड झाल्यावर नव्या जागी घट्ट बसतात. नळी दीडशे अंशांच्या आसपास हवी. पाण्याचा थेंब टाकला तर तो बसून न राहता नाचत पळाला पाहिजे. नळीसाठी मी कसब्यातल्या तांबट आळीत गेलो आणि जाड तांब्याचा नळकांडा घेऊन आलो. प्लंबिंगची जी. आय. नळी ब्लो-टॉर्चनं तापवू नका, तिच्यावरच्या जस्ताचा धूर वाईट. पट्टी नळीवर ठेवली की आधी काहीच होत नाही. हात भाजतात, गोडसर वास सुटतो, वाटतं की जोर लावावा. लावायचा नाही. थोड्या वेळानं लाकूड हाताखाली एकदम 'सैल' होतं, मूल झोपल्यावर मांडीवर जड होतं ना, तसं. त्या क्षणी वाकवायचं. मी पहिल्या वेळी कमरेच्या वळणावर त्या क्षणाच्या आधीच घाई केली, आणि 'तड्' असा जो आवाज आला तो स्वयंपाकघरात आईलाही ऐकू गेला. शिसवीच्या भुशानं काहींच्या अंगावर पुरळ येतं, दमही लागतो, तेव्हा मास्क लावूनच बसा.

मानेबद्दल थोडक्यात. पेटीला ती हौशी माणसानं बोल्टनं जोडावी, खाचेत खुंटी अडकवून चिकटवायच्या पारंपरिक डव्हटेल सांध्याच्या नादी लागू नये. पुढेमागे कोन बदलावा लागतोच आणि बोल्ट सोडवता येतात. मानेच्या आत तिचा बाक कमीजास्त करता येईल अशी लोखंडी सळई घालायची. मानेवर ठोकलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे; लांब मोजपट्टी त्यांच्यावर ठेवली की तिचं टोक घोडीच्या माथ्याला जेमतेम टेकलं पाहिजे. हे चुकलं तर तारा एक तर बोटं कापतील किंवा खडखडतील.

पडद्यांचं गणित मात्र सुंदर आहे. तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरा. तिला १७.८१७ नं भागा, ३६.४८ आले, तिथे पहिला पडदा. उरले ६१३.५२, त्याला पुन्हा १७.८१७ नं भागा, पहिल्याच्या पुढे ३४.४३ वर दुसरा. असं बारा वेळा केलं की बरोबर निम्म्यावर, ३२५ वर पोचता. हा आकडा आला कुठून? सप्तकात बारा सूर, वरचा सा खालच्याच्या दुप्पट कंपनांचा, आणि बाराही पावलं सारखी ठेवायची. मग प्रत्येक पाऊल म्हणजे १.०५९४६ नं गुणणं, आणि तारेच्या भाषेत तेच १७.८१७ नं भागून येईल तेवढं वजा करणं. आखताना प्रत्येक पडदा आधीच्या पडद्यापासून मोजू नका. सगळे वरच्या टोकापासून मोजा, नाहीतर केसाएवढ्या चुका साठत जातात. बाराव्या पडद्यापाशी १ मिलिमीटरची चूक चांगला कान पकडतो.

आणि हे सगळं अचूक करूनही माझ्या आत्यानं गिटार ऐकून पहिलं वाक्य काय म्हणावं? "अरे, गांधार चढा लागतोय तुझा." ती गाते, मिरजेचा तानपुरा आहे तिच्याकडे, आणि तिचं बरोबर आहे. तानपुऱ्याच्या झंकारात जो शुद्ध गांधार आपोआप ऐकू येतो, त्याच्याहून सारख्या बारा पावलांतला गांधार एका पावलाच्या साधारण सातव्या हिश्श्यानं वर पडतो. सतारीचे पडदे बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारचे ठोकलेले. सगळ्या पट्ट्यांत सारखं वाजावं म्हणून प्रत्येक पट्टीत थोडं खोटं बोलायचं, असा हा तह आहे. आत्याला हे समजावलं. "मग तह कशाला केलास?" म्हणाली.

आता पुण्यातल्या माणसाचा खरा शत्रू: हवा. पावसाळ्यात बाथरूमचा दरवाजा फुगून अडकतो आणि दिवाळीनंतर आपोआप लागायला लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. नीट बघितलं तर तो रुंदीत फुगतो, उंचीत नाही. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं-आकसतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाहीच. तबलीच्या रेषा वरून खाली जातात, म्हणजे ४०० मिलिमीटरची रुंदी फुगू-आकसू पाहते. तिच्यावर आडव्या-तिरप्या चिकटवलेल्या ब्रेस मात्र आपल्या लांबीत हलत नाहीत. दोघांचं पटत नाही आणि तबली वाकते.

माझ्या पहिल्या गिटारीच्या ब्रेस मी ऐन जुलैत चिकटवल्या. हवेत ओल ऐंशी टक्क्यांच्या वर, लाकूड पाणी पिऊन फुगलेलं. डिसेंबरात गिटार झकास वाजली. एप्रिलमध्ये दुपारची हवा पंचवीस टक्क्यांखाली गेली, तबली आकसायला निघाली, ब्रेसनी धरून ठेवली, आणि ती आत बसली. तारा पडद्यांवर लोळायला लागल्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाठीला मधल्या जोडाशेजारी वीतभर चीर गेली. उलट झालं असतं, म्हणजे कोरड्या हवेत चिकटवून पावसाळा आला असता, तर तबली नुसती वर फुगली असती. ते निस्तरता येतं. म्हणून नियम असा: ब्रेस चिकटवायच्या त्या चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या हवेत, आणि त्याआधी लाकूड दोनतीन आठवडे त्याच हवेत ठेवून. दुसऱ्या वेळी मी जुन्या कपाटाच्या एका कप्प्यात साठ वॉटचा बल्ब लावला आणि जानेवारी-फेब्रुवारीत काम उरकलं. तबलीला मुळातच किंचित घुमट देतात, साडेआठ मीटर त्रिज्येचा, नुसत्या डोळ्याला दिसतही नाही. आकसायची वेळ आली की तेवढी शिल्लक हाताशी असते.

वेधशाळेचा आकडा शहराचा असतो, तुमच्या गॅलरीचा नाही, तेव्हा हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर घ्या. स्वस्तातले खोटं बोलतात, पण त्यांना पकडता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, आणि हायग्रोमीटरसकट घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. आतल्या हवेत बरोबर ७५ टक्के ओल तयार होते. माझा काटा ६८ दाखवत होता. तेव्हापासून मी त्यात सात मिळवतो.

चिकटवायला सुतारकामाचा साधा पांढरा डिंक घोडीखाली वापरू नका. तो वाळल्यावरही किंचित रबरासारखा राहतो आणि अखंड ओढीखाली, विशेषतः बंद गाडीच्या उन्हात, हळूहळू सरकतो. वाद्यांसाठीचा पिवळसर डिंक घ्या, किंवा धीर असेल तर सरस, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला डिंक. सरस साठ अंशांवर पातळ होतो, मिनिटभरात गोठतो, वाळला की काचेसारखा कडक, आणि पुन्हा वाफ दिली की सुटतो. वरून लाखेचं पॉलिश, स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, कापडाच्या बोळ्यानं. पातळ द्या. जाड थर म्हणजे कष्टानं घटवलेलं वजन पुन्हा चढवणं.

तारा चढवताना एकदम सुरात आणू नका. मी अर्ध्या ओढीवर एक रात्र ठेवली, सकाळी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून घोडीमागची लाट बघितली, मग पूर्ण. पहिले दोनतीन आठवडे आवाज कोंडलेला वाटतो आणि सूर सारखे उतरतात. लाकूड ओढीशी जुळवून घेत असतं.

दुसरी गिटार आता दोन पावसाळे पाहिलेली आहे. बाराव्या पडद्यावर तारेची उंची मेमध्ये २.३ मिलिमीटर होती, ऑगस्टमध्ये ३ भरली. तबली चढते-उतरते, तारा तिच्यासोबत. म्हणून घोडीच्या खाचेत बसणाऱ्या, तारा टेकतात त्या हाडाच्या पट्ट्या मी दोन करून ठेवल्यात, एक जरा उंच, एक जरा बुटकी. गिटार ठेवायच्या केसमध्ये डबीत असतात. उंच पट्टीवर पेन्सिलीनं 'मे' लिहिलंय, बुटकीवर 'श्रावण'.